डर्बीशरचे वाडे आणि उठवलेली गावं

शनिवार : हॅडन हॉल

आपल्याकडून इंग्लंडला येणारी मंडळी लंडन उरकतात, फार तर स्कॉटलंडला जाऊन येतात. डर्बीशर त्यांच्या यादीत नसतंच. आमच्याही नव्हतं. पण भाची शेफील्डला नोकरी करते, मुक्काम तिच्याकडे, आणि तिचं म्हणणं एकच : "मावशी, लांबची सरोवरं बघायला धावण्यापेक्षा माझ्या दारात काय आहे ते आधी बघ." गाडी तिची, रजाही तिचीच. बेकवेलजवळ एक छोटं दगडी घर भाड्याने घेतलं, भाजणी आणि लोणच्याची बरणी बरोबर घेतली आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निघालो.

शेफील्ड सोडलं की पंधरा-वीस मिनिटांत शहर संपतं आणि उजाड माळ लागतो. झाड नाही, घर नाही, नुसतं करड्या रंगाचं गवत आणि मेंढ्या. हॅदरसेजच्या अलीकडे रस्ता एका कड्याला वळसा घालतो आणि समोर अख्खं खोरं उघडतं. त्या वळणाला 'सरप्राइज व्ह्यू' असंच नाव आहे. खाली हिरवीगार कुरणं आणि त्यांच्यामध्ये चुना-माती न वापरता रचलेले दगडी बांध, मैलोन्‌मैल. नवरा जालन्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. त्याने आधी बांधांची उंची बघितली, मग दगड कसा बसवलाय ते वाकून बघितलं, आणि मग खोऱ्याकडे मान वर केली.

हॅडन हॉल वाय नदीच्या काठी, एका टेकाडावर आहे. बाराव्या शतकापासून इथे व्हर्नन घराणं नांदलं. 1560च्या दशकात डोरोथी व्हर्ननचं जॉन मॅनर्सशी लग्न झालं आणि वाडा मॅनर्स घराण्याकडे गेला. त्यांच्याचकडे तो आजही आहे. डोरोथी बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत मागच्या दाराने पळून गेली अशी गोष्ट सगळे सांगतात, त्या पायऱ्याही दाखवतात. गोष्टीला रंग चढवला तो एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांनी. लग्न मात्र खरं.

वाड्याची खरी गंमत वेगळीच आहे. मॅनर्स मंडळी पुढे रटलंडचे ड्यूक झाली, त्यांनी बीव्हर कासलला मुक्काम हलवला, आणि 1700च्या सुमारापासून पुढची दोनशे वर्षं हॅडनमध्ये कोणी राहिलंच नाही. या दोनशे वर्षांत इंग्लंडातल्या बाकीच्या वाड्यांना नव्या फॅशनचे खांब आले, छतांवर चित्रं आली, जुन्या भिंती पाडल्या गेल्या. हॅडनकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, म्हणून तो वाचला. 1920च्या दशकात नवव्या ड्यूकने दुरुस्ती काढली तेव्हा त्याला मध्ययुगातलं घर जवळपास जसंच्या तसं मिळालं. प्रार्थनाघरातली पंधराव्या शतकातली भित्तिचित्रं धर्मसुधारणेच्या काळात चुन्याखाली गाडली होती, तीही बाहेर आली.

मुदपाकखान्यात मी बराच वेळ रेंगाळले. मांस तोडायचे लाकडी ओंडके मधोमध झिजून खोलगट झालेत. शेजारी धान्याच्या लाकडी कोठ्या, दगडी चूल, धुराने काळं पडलेलं छत. जेवणघराच्या लाकडी पडद्याला एक लोखंडी कडी आहे. पंगतीत जो आपल्या वाट्याची दारू प्यायचा नाही त्याचा हात त्यात अडकवायचा आणि उरलेली दारू त्याच्या बाहीत ओतायची! आग्रहाच्या बाबतीत आपण उगाच स्वतःला पुढे समजतो.

वरची लांब गॅलरी साधारण 110 फुटांची. तिच्या खिडक्यांना शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी छोटी काच आहे आणि ती सपाट नाही. एकेक तावदान थोडं बाहेर फुगलेलं, थोडं तिरकं. त्यामुळे उजेड एका बाजूने न येता सगळीकडे सांडतो. मला हा वाडा सगळ्यांत आवडला, हे आत्ताच सांगून टाकते. पुढे यापेक्षा दहापट श्रीमंत घरं बघितली, तरी मत बदललं नाही.

रविवार : चॅट्सवर्थ

रविवारी चॅट्सवर्थला जाऊ नये. सगळं शेफील्ड आणि निम्मं मँचेस्टर तिथे असतं. तरी गेलो, कारण भाचीच्या मते एक अख्खा दिवस तिथे लागतो. तो खरंच लागतो.

डेरवेंट नदी, तिच्यावरचा दगडी पूल, पलीकडे उतारावर सोनेरी झाक असलेला प्रचंड वाडा आणि मागे गर्द झाडीची टेकडी. चित्रासारखं दिसतं ते चित्रासारखं रचलं म्हणूनच. अठराव्या शतकाच्या मध्यावर केपेबिलिटी ब्राउन नावाच्या बागकाराने इथली सरळ रेषांची जुनी बाग मोडून 'नैसर्गिक' वाटणारं रान तयार केलं. पूल जेम्स पेनचा, तोही त्याच काळातला. आणि गाव? गाव इथे होतं. एडन्सर नावाचं. त्याची घरं वाड्यातून नजरेला यायची. काही आधीच काढली होती. सहाव्या ड्यूकने 1838 ते 1842 या काळात उरलेलं गाव उचलून टेकाडाच्या आडोशाला नेऊन बसवलं. नवी घरं दिली, आणि देखणी दिली, हे मान्य. एक घर स्विस धाटणीचं, दुसरं इटालियन, तिसऱ्याला किल्ल्यासारखा बुरूज. एकसारखं दुसरं नाही. एक जुनं घर मात्र मूळ जागी, नदीच्या बाजूला, एकटं उभं राहिलंय.

वाडा कॅव्हेंडिश घराण्याचा, म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूक लोकांचा. सुरुवात एका बाईपासून झाली. हार्डविकची बेस आणि तिचा दुसरा नवरा विल्यम कॅव्हेंडिश यांनी 1549मध्ये ही जमीन घेतली. बेसच्या काळात स्कॉटलंडची राणी मेरी इथे अनेकदा नजरकैदेत होती. आज दिसणारा वाडा मात्र बराचसा 1686 ते 1707 या काळात पहिल्या ड्यूकने बांधलेला.

आत शिरलं की छतापर्यंत ज्युलियस सीझरच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेलं दालन. मग एकामागून एक खोल्या. पाचव्या-सहाव्या दालनानंतर सोन्याचा मुलामा डोळ्यांना दिसेनासा होतो. लक्षात राहिल्या दोनच गोष्टी. एका दाराआड खुंटीला टांगलेलं व्हायोलिन, जे व्हायोलिन नाहीच, नुसतं रंगवलेलं आहे. नवरा दोनदा जवळ जाऊन आला. आणि शिल्पदालनातली राफाएल माँटीची 1847ची संगमरवरी स्त्री. तिच्या चेहऱ्यावर पारदर्शक पदर आहे आणि तो पदरही दगडाचाच.

पण चॅट्सवर्थचा जीव वाड्यात नाही, बागेत आहे, आणि बागेचा जीव जोसेफ पॅक्स्टन या माणसात. साध्या घरचा मुलगा, तेविसाव्या वर्षी इथे मुख्य माळी झाला. 1844मध्ये रशियाचा झार निकोलस येणार अशी बातमी आली, तेव्हा ड्यूकला झारच्या कारंजापेक्षा उंच कारंजं हवं होतं. पॅक्स्टनने वरच्या माळावर आठ एकरांचं तळं सहा महिन्यांत खोदून घेतलं. रात्री मशाली लावून काम चाललं होतं. पंप नाही, मोटार नाही. वरून उतरणाऱ्या पाण्याचा दाब, बस्स. कारंजं 296 फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. झार आलाच नाही! कारंज्याला नाव मात्र एम्परर फाउंटन हेच राहिलं. आम्ही होतो तेव्हा वारा होता, पाणी निम्म्या उंचीवर उडत होतं आणि तळ्याच्या एका बाजूची सगळी माणसं भिजत होती. 1690च्या दशकातला पायऱ्यापायऱ्यांचा धबधबा गळतीमुळे कोरडा पडलेला, त्याच्या दुरुस्तीचं काम निघालंय.

याच पॅक्स्टनने इथे एक अवाढव्य काचघर बांधलं. ते 1920मध्ये पाडलं, आज पाया तेवढा दिसतो. पण त्या अनुभवावर त्याने 1851च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभा केला. रोपं आणायला त्याने जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला 1835मध्ये हिंदुस्थानात पाठवलं होतं; गिब्सन कलकत्त्याच्या बागेतून आणि खासी टेकड्यांतून ऑर्किडच्या पेट्या भरून परतला.

आणि आता केळं. माझं माहेर रावेर तालुक्यातलं, त्यामुळे हा परिच्छेद लांबणार. मॉरिशसमार्गे इंग्लंडात आलेलं केळीचं एक बुटकं रोप 1830च्या सुमारास पॅक्स्टनच्या हाती लागलं. त्याने ते इथल्या काचघरात वाढवलं, काही वर्षांत घड धरला, आणि मालकाच्या आडनावावरून त्या जातीला कॅव्हेंडिश हे नाव पडलं. पुढे मिशनऱ्यांनी इथली रोपं पॅसिफिक बेटांवर नेली. विसाव्या शतकात पनामा रोगाने ग्रो मिशेल ही जात बाजारातून उठवली तेव्हा जगाच्या व्यापारात कॅव्हेंडिश आली, ती आजपर्यंत टिकून आहे. आमच्याकडची बसराई म्हणजे बुटकी कॅव्हेंडिश. आता जिकडेतिकडे लावतात ती टिश्यू कल्चरची ग्रँड नैन, म्हणजे जी-नाइन, तीही याच कुळातली. काचघरात केळी होती. नवरा म्हणाला, "खोड बारीक राहिलंय, पोटॅश कमी पडतंय." बाजूच्या बाईंनी कौतुकाने मान हलवली. मराठी त्यांना कळत नव्हतं, म्हणून बरं झालं.

परतताना एडन्सरच्या चर्चच्या आवारात थांबलो. पॅक्स्टन तिथेच पुरलाय. जॉन केनेडींची बहीण कॅथलीनही तिथेच आहे. तिचं लग्न या घराच्या थोरल्या मुलाशी झालं, तो महायुद्धात गेला, 1948मध्ये ती विमान अपघातात गेली. अध्यक्ष असताना केनेडी 1963च्या जूनमध्ये इथे येऊन गेले, तशी पाटी आहे. पाच महिन्यांनी त्यांचीच हत्या झाली.

सोमवार : बेकवेल आणि ईम

बेकवेलला सोमवारी बाजार भरतो. एका बाजूला भाज्या, चीज, कपडे. गावाबाहेर गुरांचा बाजार. बेकवेल पुडिंग आणि बेकवेल टार्ट या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांचा घोळ घातला की गावकरी नाराज होतात. पुडिंग खाल्लं. अंड्याचा वास येतो. टार्ट बरा.

दुपारी मॉन्सल हेडहून खोरं बघितलं. खाली वाय नदीवर रेल्वेचा उंच कमानींचा पूल आहे. तो 1860च्या दशकात बांधला तेव्हा लेखक आणि कलासमीक्षक रस्किनने निसर्गाचा नाश म्हणून कडाडून टीका केली होती. रेल्वे 1968मध्ये बंद पडली, आता पुलावरून लोक सायकली चालवतात, आणि ज्या पुलाने दृश्य नासवलं म्हणून ओरड झाली त्याच पुलाचे फोटो काढायला गर्दी जमते.

मग ईम. हे गाव सुंदर आहे, पण तिथे सुंदर म्हणून कोणी जात नाही. 1665मध्ये इथल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला, त्यात पिसवा होत्या असं मानतात. सप्टेंबरात शिंप्याकडचा माणूस प्लेगने गेला, मग शेजारी, मग घरंच्या घरं. दुसऱ्या उन्हाळ्यात धर्मगुरू विल्यम मॉम्पेसनने गावाला विनवलं : आपण शीव ओलांडायची नाही. लोकांनी ऐकलं. शिवेवरच्या एका दगडाला भोकं आहेत; त्यांत व्हिनेगर घालून त्यात पैसे ठेवायचे, बाहेरच्यांनी धान्य ठेवून ते न्यायचे. चॅट्सवर्थहून अर्ल ऑफ डेव्हनशर अन्न पाठवायचा. चर्च बंद करून प्रार्थना उघड्या घळीत, घराघराने लांब लांब उभं राहून. मॉम्पेसनची बायको कॅथरीन गेली. गावाबाहेरच्या शेतात हॅन्कॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. एकंदर 260 माणसं दगावली असं गावातल्या नोंदी सांगतात. घराघरावर पाट्या आहेत, आणि त्या घरांत आज माणसं राहतात. पडद्यामागे टीव्ही चालू असतो.

पुण्याच्या प्लेगची आठवण येणारच. 1897मध्ये रँडचे गोरे शिपाई घरात घुसून माणसं बाहेर काढायचे, देवघरापर्यंत जायचे. दोन्हीकडे रोग तोच आणि उपायही मुळात तोच, माणसं वेगळी ठेवणं. ईममध्ये सांगणारा गावातच राहणार होता, त्याची बायको तिथेच मरणार होती. एवढा फरक पुरेसा होता.

मंगळवार : हार्डविक हॉल

एम-वन महामार्गावरून जाताना टेकडीवर जो काचांचा डोंगर दिसतो तो हार्डविक. रविवारी ओझरती भेटलेली बेस इथे पुरती भेटते.

साध्या जमीनदार घरात 1527च्या आसपास जन्म. चार लग्नं, प्रत्येक नवरा आधीच्यापेक्षा श्रीमंत. चौथा श्रूजबरीचा अर्ल, मेरी राणीचा पहारेकरी. त्याच्याशी बिनसल्यावर ती माहेरच्या जागेवर परतली आणि जुनं घर वाढवायला घेतलं. 1590मध्ये अर्ल गेला, पैसा हाती आला, आणि जुन्याचं काम चालू असतानाच तिने शंभर पावलांवर नवा वाडा सुरू केला. तेव्हा ती साठी ओलांडलेली होती. 1597मध्ये राहायला गेली. जुन्या घराचे अवशेष आजही समोर उभे आहेत.

काच त्या काळी अतिशय महाग. बेसने भिंतींपेक्षा काचाच जास्त लावल्या, आणि तशी म्हणच पडली. वास्तुकार रॉबर्ट स्मिथसनने घराला सहा बुरूज दिले आणि प्रत्येकाच्या माथ्यावर दगडात कोरलेली तिच्या नावाची आद्याक्षरं : ई.एस., म्हणजे एलिझाबेथ श्रूजबरी. लांबूनसुद्धा वाचता येतात. खालच्या मजल्याच्या खिडक्या लहान, त्यावरच्या मोठ्या, सगळ्यांत वरच्या सगळ्यांत मोठ्या, कारण मानाची दालनं सर्वांत वर. बेस हिशेबाच्या वह्या स्वतः तपासून सही करायची. तिचा हिशेबीपणा गॅलरीत दिसतो. बायबलमधल्या गिदियनच्या कथेचे, भिंतीवर लावायचे तेरा प्रचंड विणलेले पडदे तिने 1592मध्ये एका दिवंगत सरदाराच्या वारसाकडून घेतले. त्यांवर त्याच्या घराण्याची चिन्हं विणलेली होती. ती झाकून आपली लावायला खर्च येईल म्हणून बेसने पाच पौंड कमी करून घेतले! ती ठिगळं अजून आहेत. याच पडद्यांची साफसफाई आणि दुरुस्ती नॅशनल ट्रस्ट या जुनी घरं जपणाऱ्या संस्थेने चोवीस वर्षं चालवली, 2023मध्ये ती संपली.

आता विरोधाभास असा, की इंग्लंडातल्या या सगळ्यांत काचाळ घरात तुम्ही फिरता ते अर्धवट अंधारात. उजेडाने रेशीम आणि लोकर विरते, म्हणून खिडक्यांचे पडदे खाली ओढलेले असतात. सुमारे पन्नास मीटर लांबीच्या त्या गॅलरीत डोळे सरावायला वेळ लागतो. मग हळूहळू भिंतीवरची माणसं दिसायला लागतात. पायाखाली वेताची चटई, तिचा गवती वास. भाचीला हे घर फार आवडलं. "एकटीने बांधलंय," एवढंच ती म्हणाली.

हार्डविक सरकारकडे कसं गेलं तीही गोष्ट ऐकण्यासारखी. डेव्हनशरचा दहावा ड्यूक 1950मध्ये अचानक वारला. मालमत्ता वारसाच्या नावे केल्याला कायद्याने ठरलेली मुदत पुरी व्हायला काही आठवडेच उरले होते, त्यामुळे ऐंशी टक्के कर लागला. तो फेडायला घराण्याने जमिनी विकल्या, चित्रं दिली, आणि बेसचं हार्डविक 1956मध्ये सरकारला देऊन टाकलं. तिथून ते 1959मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आलं. रविवारी चॅट्सवर्थच्या दुकानात आपण जॅमची बाटली घेतो त्यामागेही हाच कर आहे. नव्या ड्यूक आणि डचेसने वाडा टिकवण्यासाठी तिकीट, दुकान, शेतमालाची विक्री असा सगळा संसार उभा केला.

बुधवार : लेडीबाऊर, मॅम टॉर, ईडेल

सकाळपासून भुरभुर. घरात थालीपिठं केली, डबा घेतला.

लेडीबाऊर धरण पाहून नवरा गप्प झाला. 1940च्या दशकात हे भरलं तेव्हा डेरवेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं बुडाली. डेरवेंटच्या चर्चचा मनोरा मुद्दाम ठेवला होता. पाण्याच्या वर तो काही काळ दिसायचा, लोक पोहत तिथवर जायला लागले म्हणून 1947मध्ये सुरुंग लावून पाडला. फार कोरडा उन्हाळा असला की घरांचे चौथरे वर येतात. हतनूरच्या फुगवट्यात गेलेल्या गावांतली माणसं माझ्या माहेरी शेजारी राहायला आली होती, त्यामुळे काठावरच्या सुंदर बाकावर बसून चहा पिणं मला जरा जड गेलं. पाणी शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टरला जातं. भाचीच्या नळाला येतं ते हेच.

कॅसलटनला ब्लू जॉन नावाचा जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा दगड मिळतो. मोठमोठ्या वाड्यांतल्या फुलदाण्या त्याच्या. आम्ही गुहेत न जाता मॅम टॉर चढलो, 517 मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या हिशेबात टेकाड. पण वारा असा की टोपी हातात धरावी लागते. हा डोंगर सारखा सरकतो. त्याच्या कुशीतला मोठा रस्ता दुरुस्त करून करून लोक थकले आणि 1979मध्ये सोडून दिला. डांबराचे थर फाटून एकावर एक चढलेत, मधली पांढरी रेघ तुटून हातभर खाली गेलीय.

पलीकडच्या उतारावर ईडेल. इथून पेनाइन वे ही पायवाट सुरू होते, स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत, 430 किलोमीटर. समोर किंडर स्काउटचं पठार. आज तिथे कोणीही चढतं. 1932 साली चढता येत नव्हतं. सगळा माळ ड्यूक आणि इतर मालकांचा, ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला. वर्षातले मोजके दिवस बंदुका चालायच्या, उरलेले दिवस राखणदार. मँचेस्टर आणि शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांना रविवारची मोकळी हवाही बंद. 24 एप्रिल 1932ला शेकडो तरुण मुद्दाम चढले, राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता, त्याला चार महिने. शिक्षा ऐकून सहानुभूती वाढली. 1949मध्ये कायदा झाला आणि 1951मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. सत्तराव्या वर्धापनदिनी, 2002मध्ये, अकराव्या ड्यूकने आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. चॅट्सवर्थमध्ये आपण ज्या घराण्याच्या बागेचं तिकीट काढून कौतुक करतो त्याच घराण्याचा हा माळ.

आम्ही पठारावर चढलो नाही. धुकं उतरलं होतं. पायथ्याच्या पबमध्ये सूप घेतलं आणि ओले बूट घेऊन परतलो.

गुरुवार : क्रॉमफर्ड आणि केडलस्टन

डर्बीकडे जाताना वाटेत क्रॉमफर्ड. 1771मध्ये रिचर्ड आर्कराइटने इथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली. अखंड चालणारं चाक, बारा-बारा तासांच्या पाळ्या, कामाला लहान मुलं, कामगारांसाठी बांधलेली चाळ. पुढे सगळ्या जगात गेलेला कारखान्याचा नमुना इथला. मुंबईत दावरांनी 1850च्या दशकात ताडदेवला पहिली गिरणी काढली तेव्हा हाच नमुना ऐंशी वर्षं जुना झाला होता. इमारत रुक्ष आहे. खालच्या मजल्यांना रस्त्याच्या बाजूने खिडक्या जवळपास नाहीत, कामगारांच्या दंग्यांची भीती.

केडलस्टनसाठी मी मनाची तयारी करून गेले होते. हे कर्झनचं घर. 1899 ते 1905 व्हाइसरॉय. बंगालची फाळणी करणारा, आणि 1904चा प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा करणाराही तोच. पहिल्याने स्वदेशी पेटली, दुसऱ्याच्या पायावर आपलं पुरातत्त्व खातं अजून उभं आहे. मराठी माणसाला तो आणखी एका वाटेने माहीत आहे. 1907मध्ये खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. नाटक महाभारतातलं, पण प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसत होता आणि सैरंध्रीत देश. सरकारलाही ते दिसलं आणि 1910मध्ये नाटकावर बंदी आली. ज्या माणसाला आपल्या आजे-पणजोबांनी रंगमंचावर भीमाच्या हातून मरताना पाहिलं, त्याच्या दारात आम्ही छत्री मिटत उभे होतो.

घर 1759पासूनचं, शेवटी काम वास्तुकार रॉबर्ट ॲडमच्या हाती. पहिल्याच दालनात अलाबास्टरचे पंचवीस फुटी वीस खांब. थंड, भव्य, आणि माणसाला लहान करायलाच बांधलेलं. मागे घुमटाचं गोल दालन, 62 फूट उंच. इथे राहायचं कुठे, हा प्रश्न भाचीने विचारला तो बरोबरच होता. मधला भाग पाहुण्यांना दिपवायला. कुटुंब बाजूच्या पंखात राहायचं.

तळमजल्यावर ईस्टर्न म्युझियम. कर्झनने आशियात जमवलेल्या आणि त्याला भेट मिळालेल्या वस्तू : हस्तिदंत, चांदी, शस्त्रं, मानपत्रांच्या नक्षीदार पेट्या. मधोमध त्याची बायको मेरीचा मोराचा पोशाख. शिकागोच्या व्यापाऱ्याची ती मुलगी. 1903च्या दिल्ली दरबारात लाल किल्ल्यातल्या नाचाला तिने तो घातला. जरीकाम दिल्लीच्या कारागिरांचं, शिलाई पॅरिसची. सोन्या-चांदीच्या तारेने भरलेली मोरपिसं आणि प्रत्येक डोळ्यात चमकणाऱ्या हिरव्या भुंग्याच्या पंखाचा तुकडा. चांदी काळवंडलीय, पंख मात्र आजही लखलखतात. त्याआधी तीनच वर्षं देशात, आमच्या खानदेशातही, छप्पनचा दुष्काळ पडून गेला होता. पोशाखाखालच्या पाटीवर कारागिरांचा उल्लेख होता ते वाचून जरा बरं वाटलं.

बाहेर आलो तर शेजारी जुनं चर्च. गाव कुठे म्हणून बघितलं, तर गाव नाही. वाडा बांधताना तेही उठवून लांब वसवलं. आठवड्यातलं हे दुसरं. मेरी 1906मध्ये छत्तिसाव्या वर्षी वारली, ती चर्चमध्ये आहे, शेजारी कर्झन, दोघांच्या संगमरवरी मूर्ती.

केडलस्टनच्या मूळ आराखड्यात मधल्या इमारतीला चार कोपऱ्यांवर चार पंख होते. दोनच बांधले गेले. चाळीस वर्षांनी गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्यात स्वतःसाठी गव्हर्नमेंट हाऊस बांधायला काढलं, त्याला नमुना घेतला याच घराचा, आणि तिथे चारही पंख उभे राहिले. खर्च कंपनीच्या महसुलातून, आणि तो बघून लंडनचे संचालक संतापले. इमारत 1803मध्ये पुरी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच वेलस्लीच्या धाकट्या भावाने असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. असई नवऱ्याच्या गावाहून फार लांब नाही, लहानपणी तो तिथल्या नदीत पोहलाय.

घर दाखवणाऱ्या स्वयंसेवक आजोबांना नवऱ्याने विचारलं, बाकीचे दोन पंख कुठायत? ते म्हणाले, झालेच नाहीत. "झालेत की," नवरा म्हणाला, "आमच्याकडे आहेत. पैसेही आमचेच." आजोबा हसले, म्हणाले, कलकत्त्याचं घर त्यांनी पाहिलंय, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त चांगलं जमलंय.